साडूभाऊंची वेगळी चूल

वेगळं करणं ही क्रियाच माझ्या साडूभाऊंना जन्मापासून वर्ज्य आहे. त्यांच्या वारूळवाडीपासून आमच्या मंचरपर्यंत शोधलंत तरी असा दुसरा माणूस सापडायचा नाही, ज्याला दोन गोष्टी दोन ठिकाणी ठेवलेल्या दिसल्या की जेवण गोड लागत नाही. जेवणाचंच सांगतो. माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी त्यांच्या शेजारी पंगतीला बसलो, तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत भात, आमटी, मटकीची उसळ, कोशिंबीर आणि श्रीखंड यांचा एकच गोळा केला आणि तो समाधानानं गिळला. मी नवा जावई, तोंडात घास तसाच धरून बघत राहिलो. ते म्हणाले, "काय बघताय पावणं? पोटात काय येगळ्या खोल्या हायेत का? समदं एकाच माजघरात जातंय." त्या दिवसापासून मी पंगतीत त्यांच्या शेजारी कधी बसलो नाही. समोर बसतो आणि मान खाली घालून जेवतो.

किल्ल्यांचंही तेच. घराची, कपाटाची, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची, टेम्पोची, ट्रॅक्टरची, एवढंच काय पण गावच्या समाजमंदिराची किल्लीसुद्धा एकाच कडीत, आणि ती कडी त्यांच्या कमरेला. ते गल्लीतून आले की बैलगाडी आल्यासारखा आवाज होतो. एकदा पेठला एका लग्नाला गेले आणि कडी कमरेला तशीच राहिली. इकडे अख्खं घर दिवसभर ओट्यावर बसून, ट्रॅक्टर रस्त्यात आडवा, आणि समाजमंदिरात साखरपुड्याला आलेली मंडळी पायरीवर. परत आल्यावर यांना वाईट वाटलं असेल म्हणता? छे! म्हणाले, "किल्ल्या चार ठिकाणी असत्या तर चारदा शोधाव्या लागल्या असत्या. आता निदान कळलं तरी की कुठं हायेत." यावर माणसानं कपाळावर हात मारायचा, दुसरं काय?

चौघा भावांचं कुटुंब, आणि बरीच वर्षं साऱ्या घरात मिळून एकच मोबाईल. तो फडताळात देवाच्या फोटोशेजारी असायचा. वाजला की जवळ असेल त्यानं उचलायचा. मी एकदा तावातावानं फोन लावला आणि समोर साडूभाऊच आहेत अशा समजुतीनं माझ्या बायकोविषयी मनातलं सगळं बोलून घेतलं. पलीकडून नुसतं "हं, हं" येत होतं. शेवटी आवाज आला, "झालं का सांगून? आता तिला बी इचारते मी." फोन अक्कानं उचलला होता, म्हणजे साडूभाऊंच्या कुटुंबानं, म्हणजेच माझ्या बायकोच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं. पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आणि पोरांचे वाढदिवस? ते सगळ्यांचे मिळून अक्षय्य तृतीयेला. एकच केक, एकच टाळ्या. कुणाला कितवं लागलं हे मात्र त्या घरात आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि मी नेतोच. पण त्याच्या मुळाशी एक भिंत आहे. साडूभाऊ लहान असताना त्यांच्या चुलत्यांच्या घरात वाटणी झाली आणि ओट्याच्या मधोमध भिंत आली. ओट्याला तीन खांब. मधला खांब त्या भिंतीतच गाडला गेला. ज्या चुलतभावांबरोबर हे एका ताटात जेवले होते, ती पोरं पुढं एकमेकांच्या हळदीलाही गेली नाहीत. ती भिंत अजून उभी आहे, रंग उडालेली. साडूभाऊ त्या बाजूनं जातच नाहीत, लांबच्या बोळातून वळसा घालून येतात. आपल्या घरात अशी भिंत येऊ द्यायची नाही, चौघा भावांची चूल एकच ठेवायची, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस जन्मभर घट्ट पाय रोवून उभा राहिला. म्हणून त्यांच्या धाकट्या भावानं जेव्हा "दादा, मळ्यावर चार खोल्या बांधून आमी तिकडं राहावं म्हणतो" असं भीत भीत म्हटलं, तेव्हा साडूभाऊ ताटावरून उठले. साडूभाऊ कालवलेलं ताट टाकून उठले, असं त्या घरात आधी कधी घडलं नव्हतं. धाकटा त्यानंतर ते नाव काढीना. त्याची बायको सुनंदा तर नाहीच. पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की विषय मिटलेला नाही.

साडूभाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर एक्सचेंजमध्ये तारा जोडल्या. तिथं साऱ्या गावाच्या तारा एकाच फळीवर येतात, याचा त्यांना कोण अभिमान! निवृत्तीनंतर टोमॅटोच्या बागेत मन रमेना, तेव्हा नारायणगावात एक फोटो स्टुडिओ बंद पडत होता, तिथला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि त्याचा सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या फोनला दिवसरात्र उत्तरं देत बसणारा कॉम्प्युटर, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अक्कानं त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं, खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागलं, आणि वाडीची 'निरोप' नावाची सेवा सुरू झाली. आज टोमॅटोला काय बाजार निघाला, थ्री फेज लाईट दिवसा आहे की रात्री, कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाचा दहावा कधी, आणि बिबट्या कुठल्या उसात दिसला, हे सगळं माणसांच्या फोनवर. फुकट. साऱ्या वाड्यावस्त्यांनी नंबर दिले. रानात मेंढरं बसवणारे मेंढपाळ होते, त्यांनीही दिले. मी मंचरला ठिबकच्या नळ्या आणि मोटारींचे सुटे भाग विकतो. माझ्या दुकानात येणारी माणसंसुद्धा "तुमचं साडू म्हंजी मानूस हाय राव" म्हणायला लागली, आणि मीही उगाच मान वर करून हिशेब करायला लागलो.

हे सगळं अर्थातच एकाच मशीनवर. भाव दाखवणारा प्रोग्राम तिथंच, लोकांची नावं-नंबर ठेवणारा साठा तिथंच, आणि मेसेज पाठवणारा प्रोग्रामही तिथंच. सुरुवातीला छान चाललं. पण साडूभाऊंना काही टाकून देणं माहीत नाही, त्यामुळं सुरुवातीपासूनचे सगळे भाव त्यांनी जपून ठेवले, आणि कुणी आजचा भाव विचारला की ते मशीन बिचारं जुने सगळे भाव पुढ्यात घेऊन बसायचं. मशीनची मेमरी म्हणजे त्याची कामाला बसायची जागा, ओट्यासारखी. त्या ओट्यावर टोमॅटोच्या भावांनी असा पसारा मांडला की बाकीच्यांना टेकायला जागा नाही. बाजाराचे आकडे आले की दिवेलागणीला सारी वाडी एकदम फोन उघडायची आणि मशीन गपगार. नुसता दिवा लुकलुकतोय. मग साडूभाऊ उठायचे, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, "चल बाबा, चल" म्हणायचे, आणि नाहीच चाललं तर बंद करून पुन्हा चालू करायचे. मेमरीच्या जादा पट्ट्या आणून बसवल्या. मग जागाच संपली. मशीन म्हातारं, त्याला त्याहून जास्त घेताच येईना.

धाकटा चाकणला कारखान्यात कामाला, त्याला या गोष्टींची समज. तो एकदा सरळ मनानं म्हणाला, "दादा, मशीन वाईट न्हाई. गर्दी झालीय. मेसेजवाल्याला येगळ्या मशीनवर काढा. त्याचं काम हलकं हाय, कुठल्या बी जुन्या डब्यावर चालंल."

साडूभाऊंचा चेहरा एकदम बदलला. "येगळं काढा? इतकी वर्सं एका जागेवर नांदले, आता त्याला येगळा काढू?"

"दादा, मी मशीनचं म्हंतोय."

"मला कळतंय तू कशाचं म्हंतोय ते."

आता काय सांगायचं! तो बोलला मशीनचं, यांनी ऐकलं मळ्यावरच्या चार खोल्यांचं. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. म्हटलं, "अहो साडूभाऊ, डबा आहे तो. त्याला कुठली भावकी?" तर माझ्याकडं असं बघितलं की जणू त्या ओट्यावरची भिंत मीच घातली होती. मी बशीत उरलेला चहा संपवला आणि मोटारसायकलला किक मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी आणि माझी बायको वारूळवाडीला गेलो होतो. त्या दिवशी टोमॅटोला असा काही बाजार निघाला होता की सगळ्यांच्याच अंगात आलं होतं. दिवेलागणीच्या जरा आधी पलीकडच्या वस्तीवरून साडूभाऊंना फोन आला: बिबट्या उसातून बाहेर पडलाय, ओढ्याच्या बाजूनं चाललाय. साडूभाऊंनी लगेच मशीनवर मेसेज लिहिला, बटण दाबलं, आणि "गेला साऱ्या वाडीला" म्हणून चहा मागितला. आपण काहीतरी चांगलं केलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आम्ही गप्पा मारल्या. सुनंदा मळ्यावर गाईला घास कापायला गेलीय, हे त्यांना माहीत नव्हतं. अक्काला माहीत होतं, पण ती चुलीपाशी होती आणि बिबट्याचं तिला माहीत नव्हतं.

सुनंदा आली ती घामानं भिजलेली. भारा खाली टाकला, हातपाय धुतले आणि भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिच्या फोननं आवाज केला. तिनं पिठाच्या हातानं फोन उचलला, वाचला, आणि माजघराकडं बघून म्हणाली, "दादा, तुमचा बिबट्या आत्ता आला. माझा मघाशीच यिऊन गेला."

बांधावर तिच्यासमोर तो आला होता. ती मोटारीच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हातातलं विळा-घमेलं बडवत राहिली, तो उसात शिरेपर्यंत. हे तिनं आम्हाला भाकऱ्या थापत थापत सांगितलं. भाकरी एका बाजूला जाड व्हायची, की ती मोडून पुन्हा थापायची. मी चिडून साडूभाऊंना म्हणालो, "अहो, सरळ फोन करायचा ना!" ते म्हणाले, "साऱ्या वाडीला कुणाकुणाला फोन करू? त्यासाठीच तर त्ये मशीन व्हतं." मशीनच्या दिव्याची लुकलुक चालूच होती, टोमॅटोचे भाव सांगत होतं ते. त्या दिवशी साडूभाऊंनी ताटात काही कालवलं नाही. अक्कानं वाढलेलं होतं तसं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तर हे पायरीवर हजर. दाढी वाढलेली, किल्ल्यांची कडी कमरेला. म्हणाले, "तुमचा बिलं करायचा जुना कॉम्प्युटर कुठं हाय?" म्हटलं, "माळ्यावर पडलाय, पंखा फिरत नाही त्याचा." "पंखा मी फिरवतो. काढा खाली." आणखी एक मशीन त्यांनी मोडीवाल्याकडून मिळवलं. मी म्हणालो, "नवीन मोठं मशीन घ्या की एक." तर म्हणाले, "मोठं घेतलं तर ते बी उद्या भरतंय. गर्दी तीच राहती राव, घर मोठं केलं तरी. धाकटा खरं बोलत व्हता." एवढं बोलायला त्यांना फार जड गेलं असणार, कारण लगेच त्यांनी दुकानातला एक पाईप उचलून त्याच्यातून पलीकडं बघायला सुरुवात केली.

आणि मग तो माणूस जो जिद्दीला पेटला! टेलिफोन खात्यात असताना पावसात खांबावर चढणारा माणूस, त्याला कोण अडवणार? माजघरात तीन डबे उघडे पडलेले, वायरींचं जाळं, मध्ये मांडी घालून साडूभाऊ. माझ्या डब्याच्या पंख्यात त्यांनी शिवणयंत्राचं तेल घातलं. मोडीतलं मशीन चालू केलं की धूर यायचा, त्याचं पोट, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बदललं. कधी प्रोग्राम उघडायचा नाही, कधी उघडला की दुसरा बंद पडायचा. जेवायला बोलावलं की "जमवायचं म्हंजी जमवायचं" एवढंच उत्तर. अक्का म्हणाली, "घरात तीन बसवलेत. चौथा आणला तर मी चूल घेऊन अंगणात जाईन." पण तिनं नव्या दोघांनाही साडीचं झाकण शिवलं, हेही सांगायला पाहिजे.

शेवटी झालं. जुन्या मशीनवर नावं-नंबरांचा साठा राहिला, माझ्या डब्यावर भाव गेले, मोडीतल्यावर मेसेज. साडूभाऊंनी सगळ्यांना बोलावून दिवेलागणीला चाचणी घेतली. टोमॅटोचे भाव आले, वाडी फोनवर तुटून पडली, आणि साडूभाऊंनी 'चाचणी' असा मेसेज सोडला. आम्ही सगळे आपापल्या फोनकडं बघत बसलो. काही येईना. भाकरी झाल्या, कालवण झालं, पोरं पेंगायला लागली. मग साऱ्या घरात एकदम टिंग टिंग झालं. पूर्वीइतकाच उशीर! साडूभाऊंचं तोंड बघवेना. तीन मशीनं, आणि मेसेज पुन्हा बिबट्याच्या मागेच.

कारण साडूभाऊंनी कारभार केला होता तो त्यांच्या घरासारखा. मेसेजवालं मशीन वेगळं काढलं खरं, पण प्रत्येक मेसेज पाठवायच्या आधी ते थोरल्या मशीनला विचारायचं की आता कुणाला पाठवू, आणि मग पुढचा, पुन्हा विचारायचं. भाववालंही दर वेळी थोरल्यालाच विचारायचं. थोरलं दोघांना उत्तरं देऊन देऊन गुदमरायचं आणि ते गुदमरलं की तिघंही ठप्प. त्या घरात कुठलाही भाऊ चपलेचा जोड घ्यायचा तर दादांना विचारतो, दादा झोपलेले असले तर ते उठेपर्यंत अनवाणी फिरतो. मशीनांनाही यांनी तेच वळण लावलं होतं. दुसरं वळण त्यांना ठाऊकच नव्हतं. पण हे मी आता सांगतोय. तेव्हा त्यांना काही केल्या उमगेना. दोन दिवस ते नुसते तिन्ही डब्यांसमोर बसून राहिले.

तेव्हा कांद्याची काढणी चालू होती. धाकटा आणि सुनंदा काढणीपुरते मळ्यावरच्या छपरात राहायला गेले होते. तेवढी परवानगी होती, पण घराचं दही एकाच गाडग्यात लागलं पाहिजे, हा साडूभाऊंचा दंडक. त्यामुळं सुनंदा रोज सकाळी वाटी घेऊन मळ्यावरून घरी यायची आणि दही घेऊन पुन्हा मळ्यावर. त्या दिवशी ती आली, वाटी घेऊन गेली, आणि अक्का तडकली. मी दारातच होतो.

"किती येळा हेलपाटा घालावा त्या पोरीनं? एकदा तिला इरजण दिऊन टाकलं की तिचं ती लावील की दही! दही काय येगळं व्हनार हाय का? हितलंच इरजण, तितं बी तेच दही लागनार. पर न्हाई! समदं दादांच्या गाडग्यातच पायजे!"

साडूभाऊंनी मान वर केली. म्हणाले, "परत बोल."

"कशाला? भांडायला?"

"न्हाई, न्हाई. इरजनाचं परत बोल."

अक्कानं परत सांगितलं, या वेळी आणखी जोरात. साडूभाऊ तिच्याकडं न बघता मेसेजवाल्या मशीनकडं बघत होते. "यादी त्याला एकदाच दिऊन टाकायची," ते स्वतःशीच म्हणाले. "दर येळी इचारायचंच कशाला? नंबर त्याचे त्याच्याकडं. नवीन मानूस आला तर थोरल्यानं कळवावं, बस." आणि जे कामाला लागले! मागच्या वेळी धाकटा मशीनचं बोलला तर यांनी घराचं ऐकलं. या वेळी बायको घराचं बोलली आणि यांनी मशीनचं ऐकलं. अक्का बिचारी ओट्यावर येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "बघ बाई, एवढं भांडले, पर या मानसाला भांडण बी कळंना."

पुढची चाचणी घ्यायची वेळच आली नाही. दोनच दिवसांत पलीकडच्या वस्तीवरून पुन्हा तसाच फोन आला, ऐन भावांच्या गर्दीत. भाववालं मशीन टोमॅटोखाली दबून गपगार झालेलं. साडूभाऊंनी मेसेज लिहिला. बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. मी त्यांच्या मागं उभा होतो, माझ्या खिशातला फोन बोट उचलायच्या आत वाजला. मग अक्काचा, मधल्या भावांचे, अंगणातल्या पोरांचे. साडूभाऊ कुणाकडं बघेनात. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता आणि ते त्याच्याकडं बघत होते. थोड्या वेळानं तो वाजला. मळ्यावरून सुनंदा बोलत होती.

"दादा, मेसेज आला. गाई आत घेतल्या, दार लावलं. बिबट्या अजून यायचाय."

"बरं," साडूभाऊ म्हणाले. "बरं, बरं." फोन ठेवला, आणि तो माणूस धोतराच्या सोग्यात तोंड घालून ढसाढसा रडला. माझेही डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू?

त्या रविवारी कांदा भरून झाल्यावर सगळे जेवायला बसले असताना साडूभाऊ मध्येच म्हणाले, "मळ्यावरच्या घराची जागा बांधाकडं धरू नका. रस्त्याकडं धरा. गाडी दारापर्यंत आली पायजे." धाकट्याचा घास हातात राहिला. सुनंदानं पदर डोळ्याला लावला. साडूभाऊ खाली मान घालून आमटीत गुळांबा कालवत होते. "आणि मेसेजवालं मशीन तिकडंच न्या," म्हणाले. "समदी एकाच बोर्डावर बसवून काय उपेग? हितली लाईट गेली की तिघं बी आंधळे." नव्या घराच्या वास्तूला त्यांनी स्वतः कमरेची कडी काढली, मळ्याच्या किल्ल्या त्यातून सोडवल्या आणि धाकट्याच्या हातात दिल्या. कडी जुनी, गंजलेली, ती उघडायला पक्कड आणावी लागली. आणि सुनंदाच्या हातात अक्कानं विरजणाची वाटी दिली, वर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली.

भाववालं मशीन माझ्याच नशिबी आलं. बाजार मंचरहूनही जवळ, म्हणून ते माझ्या दुकानात, ठिबकच्या नळ्यांच्या मागं बसलंय. तेव्हापासून रोज दिवेलागणीला साडूभाऊंचा फोन. "चालू हाय का?" "चालू आहे." मग मळ्यावर. "चालू हाय का?" मशीनचं विचारून झालं की हळूच "गाई आत घेतल्या का, काय केलंय कालवण, पोरं झोपली का." मी वैतागायचो. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे विचारतायत माझा गुडघा कसा आहे.

धाकट्याला भावाची दया आली असावी. त्यानं साडूभाऊंच्या मशीनवर तीन ठिपके बसवून दिले, वारूळवाडी, मळा आणि मंचर. मशीन चालू असलं की ठिपका हिरवा, बंद पडलं की लाल. "दादा, आता रोज फोन करत बसू नका," तो म्हणाला, "नुसतं बघितलं की कळतंय." साडूभाऊंनी मान हलवली आणि खरंच फोन करायचे बंद झाले. पहिले दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी उगाच फोन उचलून बघितला, बॅटरी तर उतरली नाही ना म्हणून.

मग मीच एक दिवस दुकान लवकर बंद करून वारूळवाडीला गेलो. साडूभाऊ माजघरात बसले होते. समोर पडद्यावर तीन हिरवे ठिपके, आणि ते त्यांच्याकडं बघत होते, जशी माणसं बाहेरगावी गेलेल्या पोराच्या फोटोकडं बघतात. बाजूला झाकलेलं ताट. घरात मधले दोघे भाऊ होते, त्यांची पोरं होती, गलका होताच. तरी साडूभाऊंचं लक्ष तिथं नव्हतं. म्हणाले, "समदं चालू हाय राव. एक बी लाल न्हाई."

"मग जेवा की."

"जेवतो," म्हणाले, आणि बसून राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून सुनंदाचा आवाज मला इतक्या लांबूनही ऐकू आला, कारण ती नेहमीच मोटार चालू असल्यासारखी मोठ्यानं बोलते. "दादा, आठ दिवस झाले, तुमचा फोन न्हाई. चालू हाय ना तुमचं?"

साडूभाऊंनी चष्मा काढला. "हाय बाळा," म्हणाले. "चालू हाय. दही लागलं का आज?"

दही लागलं होतं. बराच वेळ मग दह्यावरच बोलणं झालं. फोन ठेवून त्यांनी ताट पुढं ओढलं आणि भात, आमटी, मेथीची भाजी, लोणचं सगळं एकत्र कालवायला घेतलं. मी त्या दिवशी कितीतरी वर्षांनी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो. कालवताना ते म्हणाले, "ठिपक्याला काय कळतंय हो, कोण जेवलं न् कोण न्हाई?"

ठिपके अजून आहेत, धाकट्यानं मोठ्या हौसेनं केलेत ते. पण दिवेलागणीला माझ्या दुकानातला फोन पुन्हा वाजायला लागलाय. कधी त्यांना उशीर होतो. गिऱ्हाईक संपलेलं असतं, आणि बायको घरून विचारते की अजून शटर का ओढलं नाही. मी म्हणतो, थांब जरा, साडूभाऊंचा फोन यायचाय.